औषधी स्फटिकांची बहुरूपता

एकाच संयुगाचे रेणू घनावस्थेत निरनिराळ्या तऱ्हेने रचले जाऊन एकाहून अधिक स्फटिकरूपे तयार होतात, त्याला बहुरूपता म्हणतात. रेणू तोच, सूत्रही तेच. पण द्रवणांक, विद्राव्यता, टिकाऊपणा आणि गोळी पाडताना पावडरीचे वागणे बदलते. दिघा ते शिरवणे पसरलेल्या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात आणि पुढे तळोज्यात औषधी द्रव्ये बनवणाऱ्यांना याची दखल घ्यावीच लागते. संश्लेषण साधले, शुद्धताही आली, तरी चुकीच्या रूपातला माल औषधासाठी चालत नाही.

रूप ओळखण्याचे खात्रीचे साधन म्हणजे क्ष-किरण विवर्तन, म्हणजे स्फटिकावर टाकलेले क्ष-किरण कोणत्या दिशांना विखुरतात ते पाहणे. स्फटिकातून क्ष-किरणांचे विवर्तन होते हे माक्स फोन लाउए यांच्या प्रयोगांतून १९१२ मध्ये दिसले आणि ब्रॅग पिता-पुत्रांनी लगोलग त्यावरून अणूंच्या जागा काढण्याची रीत बसवली. याच रीतीने डोरोथी हॉजकिन यांनी १९४५ मध्ये पेनिसिलिनमधले चार अणूंचे बीटा-लॅक्टम कडे दाखवून दिले. काही नामवंत रसायनतज्ज्ञांना ते तोवर मान्य नव्हते.

खरी चिकाटी लागते ती विवर्तनाच्या यंत्राआधी, स्फटिक वाढवताना. संयुग एथिल ॲसिटेट किंवा अल्कोहोलमध्ये विरघळवून गाळायचे, कुपीत ओतायचे, तोंडाला फॉइल लावून सुईने दोन-तीन भोके पाडायची आणि कुपी धक्का लागणार नाही अशा जागी ठेवून द्यायची. घाई केली की नुसती भुकटी पडते. मग स्वच्छ कडांचा, मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढा एकच स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली निवडून, तेलाच्या थेंबात धरून यंत्रावर चढवतात. नायट्रोजनच्या झोतात त्याला साधारण उणे १७३ अंश सेल्सिअसला ठेवले की अणूंची थरथर कमी होते आणि त्यांच्या जागा नेमक्या कळतात.

हळदीतले कर्क्युमिन हे आपल्या ओळखीचे उदाहरण. पाबोन यांनी १९६४ मध्ये दिलेल्या पद्धतीत व्हॅनिलिन आणि ॲसिटिलॲसिटोन यांपासून ते बनवतात. बोरॉनशी संकुल करून ॲसिटिलॲसिटोनचा मधला कार्बन अडवून धरतात, म्हणून व्हॅनिलिन दोन्ही टोकांना जुळते. ही युक्ती फार सुंदर आहे. स्फटिकात कर्क्युमिनचा रेणू ईनॉल रूपात, म्हणजे एक हायड्रोजन कार्बनवरून ऑक्सिजनवर सरकलेल्या रचनेत, असल्याचे विवर्तनाने दिसले. २०११ मध्ये हैदराबादच्या संशोधकांनी त्याची आणखी दोन बहुरूपे नोंदवली. ती जुन्या रूपापेक्षा अधिक विद्राव्य आहेत. पाण्यात जेमतेम विरघळणाऱ्या या संयुगाच्या बाबतीत ही मोलाची गोष्ट आहे.

कारखान्यात हवे ते रूप मिळवायला थंड होत असलेल्या द्रावणात त्याच रूपाचे 'सीड', म्हणजे आधीच तयार असलेले बारीक स्फटिक, टाकतात. खाडीकाठच्या पावसाळी हवेत काही संयुगे पाणी धरून हायड्रेट होतात, म्हणून ड्रायर आणि पॅकिंगची खोली कोरडी राखावी लागते. निष्काळजीपणा नसतानाही रूप बदलू शकते. १९९८ मध्ये एचआयव्हीवरील रिटोनाविरचे कमी विद्राव्य असे दुसरे रूप अचानक अवतरले आणि कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या.

कायद्यातही बहुरूपतेला जागा आहे. २००५ मध्ये सुधारलेल्या भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) नुसार ज्ञात औषधाच्या नव्या रूपाची परिणामकारकता वाढल्याचे दाखवल्याखेरीज पेटंट मिळत नाही. रक्ताच्या कर्करोगावरील इमॅटिनिब मेसिलेटच्या बीटा स्फटिकरूपासाठीच्या अर्जाला मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशननेही विरोध केला होता. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट नाकारले, आणि देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या रुग्णांना मिळत राहिल्या.