अंतराळ स्थानकाकडे व्यावसायिक मालवाहू रॉकेट पाठवण्यासाठीची अमेरिकी परवाना प्रक्रिया: पात्रता, कागदपत्रे आणि टप्पे

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला लागणारे अन्न, सुटे भाग आणि प्रयोगांचे साहित्य पोहोचवण्यासाठी नासा 2012 पासून खासगी कंपन्यांची याने वापरत आहे. त्यासाठीची पहिली कंत्राटे 23 डिसेंबर 2008 रोजी दिली गेली. त्यांत स्पेसएक्सला 12 फेऱ्यांसाठी सुमारे 1.6 अब्ज डॉलर, तर ऑर्बिटल सायन्सेसला 8 फेऱ्यांसाठी सुमारे 1.9 अब्ज डॉलर मंजूर झाले. जानेवारी 2016 मध्ये दुसऱ्यांदा कंत्राटे दिली गेली तेव्हा स्पेसएक्स, ऑर्बिटल एटीके आणि सिएरा नेव्हाडा या तीन कंपन्यांना प्रत्येकी किमान 6 फेऱ्यांची हमी मिळाली. या व्यवस्थेत रॉकेट कंपनीचे असते, उड्डाणही कंपनीच करते आणि सरकार केवळ वाहतुकीची सेवा विकत घेते. त्यामुळे नासाचे कंत्राट हाती असले तरी फेडरल एव्हिएशन अॅडमिनिस्ट्रेशनचा, म्हणजेच एफएए या अमेरिकी हवाई वाहतूक नियामक संस्थेचा, परवाना कंपनीला स्वतंत्रपणे काढावा लागतो.

या प्रक्रियेत नवख्या अर्जदाराचा गोंधळ होतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: कोणते कार्यालय कोणत्या प्रश्नाचे उत्तर मागत आहे, हे त्याने सुरुवातीला नीट पाहिलेले नसते. जमिनीवरील, समुद्रातील आणि हवेतील बाहेरच्या लोकांना इजा होण्याची शक्यता किती, हे एफएए मुख्यतः तपासते. माल स्थानकापर्यंत पोहोचेल की नाही, याच्याशी तिला कर्तव्य नाही. नासाचा भर मात्र स्थानक, त्यातील अंतराळवीर आणि पाठवायचा माल यांवर असतो. एकाला दिलेली कागदपत्रे दुसऱ्याला जशीच्या तशी पुढे केली तर ती अपुरी पडतात.

परवाना कोणाला लागतो

1984 च्या व्यावसायिक अंतराळ प्रक्षेपण कायद्यानुसार अमेरिकेच्या भूमीवरून रॉकेट सोडणाऱ्या कोणालाही परवाना आवश्यक आहे, मग ती व्यक्ती किंवा कंपनी कोणत्याही देशाची असो. अमेरिकी नागरिकाला आणि अमेरिकेत नोंदलेल्या संस्थेला तर परदेशातून प्रक्षेपण करतानाही तो लागतो. सरकारने स्वतः, स्वतःसाठी केलेली उड्डाणे यातून वगळलेली आहेत. स्थानकाचा माल वाहण्याच्या कंत्राटासाठी पात्रता याहून कडक आहे. तेथे अर्जदार अमेरिकी व्यावसायिक पुरवठादार, म्हणजे साधारणतः निम्म्याहून अधिक मालकी अमेरिकी नागरिकांकडे असलेली कंपनी, असावा लागतो.

यान पृथ्वीवर सुखरूप परत येणार असेल तर पुनःप्रवेशासाठीही परवाना लागतो. असा पहिला व्यावसायिक परवाना एफएएने नोव्हेंबर 2010 मध्ये स्पेसएक्सला दिला आणि त्यानंतर डिसेंबरमध्ये त्या कंपनीच्या ड्रॅगन यानाचे पहिले उड्डाण झाले. कायद्यातील व्याख्येप्रमाणे यान बऱ्याच अंशी अखंड अवस्थेत परतले तरच त्याला पुनःप्रवेश म्हणतात. म्हणून काम संपल्यावर वातावरणात जळून जाणाऱ्या, ऑर्बिटल सायन्सेसने विकसित केलेल्या सिग्नस यानासाठी हा परवाना लागत नाही. मात्र त्याची विल्हेवाट कशी व कोठे लावणार, याचा आराखडा सुरक्षा तपासणीत द्यावाच लागतो.

अर्ज आणि त्याचे भाग

सध्याचा नियम संघीय विनियमांच्या 14 व्या शीर्षकातील भाग 450 हा असून तो मार्च 2021 पासून लागू आहे. एकाच परवान्याखाली अनेक उड्डाणे, एकापेक्षा अधिक प्रक्षेपणस्थळे आणि पुनःप्रवेश असे सर्व घेता येते. परवान्याची मुदत जास्तीत जास्त 5 वर्षे असते.

औपचारिक अर्जापूर्वी एफएएशी पूर्वचर्चा करणे बंधनकारक आहे आणि या टप्प्याला अर्जदाराने भरपूर वेळ द्यावा, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. कारण अर्ज छाननीसाठी पुरेसा पूर्ण आहे असे एफएएने मान्य केल्यावरच निर्णयाची 180 दिवसांची मुदत मोजायला सुरुवात होते, आणि मधेच माहिती अपुरी आढळली तर ती मोजणी थांबवताही येते. कोणते विश्लेषण कोणत्या पद्धतीने करणार आणि ती पद्धत एफएएला मान्य आहे का, हे आधीच ठरले नसेल तर महिनोन्महिने केवळ पत्रव्यवहारात जातात. भाग 450 खाली अर्ज टप्प्याटप्प्यानेही सादर करता येतो. ज्या कंपनीचे रॉकेट अजून घडत आहे तिला ही सोय विशेष उपयोगी पडते.

अर्जाची छाननी धोरण, पेलोड (म्हणजे रॉकेटने न्यायचा माल), सुरक्षा आणि पर्यावरण अशा चार अंगांनी होते. धोरणविषयक तपासणीत मालकी, परदेशी हितसंबंध, उड्डाणमार्ग आणि रॉकेटची रचना यांची माहिती द्यावी लागते आणि एफएए ती संरक्षण, परराष्ट्र आदी खात्यांपुढे ठेवते. पेलोड तपासणीत मालाचे स्वरूप, मालक, वजन, घातक पदार्थ आणि अंतिम ठिकाण यांचा तपशील मागितला जातो. सरकारी मालकीच्या पेलोडबाबत एफएए असा निर्णय देत नाही, त्यामुळे नासाचा माल असेल तर हे काम हलके होते. परंतु त्याच फेरीत एखाद्या खासगी कंपनीचा छोटा उपग्रह असेल तर त्याचे कागद वेगळे जोडावे लागतात. पर्यावरणविषयक तपासणी राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्याखाली होते. जुन्या, आधी अभ्यासलेल्या तळावरून उड्डाण असेल तर ती लवकर उरकते, नव्या तळासाठी मात्र तीच सर्वांत जास्त वेळ खाते.

अर्जाचा गाभा म्हणजे सुरक्षा तपासणी. येथे अर्जदाराने आकडेमोड करून दाखवायचे असते की एका प्रक्षेपणामुळे जनतेतील लोकांना गंभीर इजा किंवा मृत्यू होण्याची एकत्रित अपेक्षा 10,000 मध्ये 1 पेक्षा अधिक नाही आणि कोणत्याही एका व्यक्तीसाठी ती शक्यता 10 लाखांत 1 पेक्षा अधिक नाही. त्यासाठी सामान्य व बिघडलेल्या उड्डाणाचे मार्ग, रॉकेट फुटल्यास पडणाऱ्या अवशेषांचे विश्लेषण, लोकसंख्येची माहिती, विषारी वायू पसरण्याचा अंदाज, संगणक प्रणालींची सुरक्षितता, जमिनीवरील कामांतील धोके, संपर्क आराखडा आणि कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीचे नियम असा मोठा गठ्ठा तयार होतो. भरकटलेले रॉकेट नष्ट करणाऱ्या यंत्रणेची चाचणी-माहितीही त्यातच येते. पूर्वी हा निर्णय तळावरील अधिकारी बटण दाबून घेत असे. 19 फेब्रुवारी 2017 च्या स्पेसएक्सच्या दहाव्या मालवाहू फेरीत रॉकेटवरील स्वयंचलित यंत्रणेवर प्रथमच हे काम सोपवण्यात आले. केप कॅनव्हेरलसारख्या सरकारी तळावरून उड्डाण असेल तर तेथील स्पेस फोर्सचे, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या अंतराळ दलाचे, सुरक्षानियमही पाळावे लागतात. दोन्हींकडे तेच काम पुन्हा करावे लागू नये, यासाठी एफएए सरकारी तळाचे विश्लेषण आपल्या निकषांत बसत असल्यास ग्राह्य धरते.

विमा आणि दाव्यांची माफी

अपघातात बाहेरच्यांचे किती नुकसान होऊ शकते, याची कमाल संभाव्य रक्कम एफएए ठरवते आणि तेवढ्या रकमेचा विमा किंवा आर्थिक क्षमतेचा पुरावा अर्जदाराने द्यायचा असतो. कायद्याने याला वरची मर्यादा घातली आहे: तृतीय पक्षाच्या दाव्यांसाठी 50 कोटी डॉलर आणि सरकारी मालमत्तेसाठी 10 कोटी डॉलर. त्यापुढील तृतीय पक्षाचे दावे एका ठरावीक मर्यादेपर्यंत सरकार उचलू शकते, पण त्यासाठी संसदेने निधी मंजूर करावा लागतो. म्हणून ती रक्कम खिशात असल्याचे कोणी गृहीत धरू नये. विम्याचा पुरावा आणि परस्परांवरील दावे सोडून देण्याचे करार उड्डाणाच्या किमान 30 दिवस आधी पोहोचले पाहिजेत. या करारांवर ग्राहकांच्याही सह्या लागत असल्याने हा कागद हमखास रेंगाळतो. स्थानकाच्या कामांसाठी भागीदार देशांमधील दावेमाफीचे नियम त्याच 14 व्या शीर्षकातील भाग 1266 मध्ये दिले आहेत आणि ते वेगळे लागू होतात.

इतर परवानग्या

रॉकेट आणि यान यांच्या रेडिओ लहरींसाठी फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनची परवानगी घ्यावी लागते. यानावरील कॅमेऱ्यांकडेही लक्ष द्यावे. 30 मार्च 2018 रोजी इरिडियम उपग्रहांच्या उड्डाणाचे थेट प्रसारण काही मिनिटांतच बंद करावे लागले, कारण कक्षेतून पृथ्वी दाखवणाऱ्या कॅमेऱ्याला नोआ या अमेरिकी सागर व हवामान संस्थेचा दूरसंवेदन परवाना लागतो, अशी भूमिका तेव्हा घेतली गेली होती. 2020 च्या सुधारित नियमांत प्रामुख्याने तांत्रिक देखरेखीसाठी असलेल्या कॅमेऱ्यांना सूट मिळाली आहे. परदेशी कर्मचारी किंवा परदेशी प्रयोग यांचा संबंध येत असेल तर निर्यात नियंत्रणाचे नियम तपासल्याशिवाय एकही आराखडा त्यांच्या हाती देऊ नये.

स्थानकाच्या बाजूची मंजुरी

नासाच्या तपासणीचा मूळ नियम असा की ज्या धोक्यातून स्थानक किंवा अंतराळवीर गमावण्याची वेळ येऊ शकते, तेथे कोणतेही दोन बिघाड एकाच वेळी झाले तरी यान सुरक्षित राहिले पाहिजे. स्थानकाभोवती साधारण 4 किलोमीटर लांब व 2 किलोमीटर रुंदीचा लंबगोल आणि त्याच्या आत 200 मीटर त्रिज्येचा गोल आखलेला आहे. यांपैकी प्रत्येक सीमा ओलांडण्यापूर्वी यानाला ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षाची अनुमती घ्यावी लागते. कागदावर मान्य झालेली जुळणी प्रत्यक्षात कशी अडते, याची दोन उदाहरणे नोंदीत आहेत. मे 2012 मध्ये ड्रॅगनच्या लेसर संवेदकाला स्थानकाच्या जपानी विभागावरून येणारे परावर्तन चकवू लागले, तेव्हा त्याचे दृष्टिक्षेत्र अरुंद करून यान जवळ नेण्यात आले. सप्टेंबर 2013 मध्ये सिग्नस आणि स्थानक यांच्या जीपीएस वेळेच्या नोंदींचा आकृतिबंध जुळेना, म्हणून भेट एका आठवड्याने लांबली. नव्या यानाच्या पहिल्या फेरीत माघार घेण्याची आणि थांबण्याची क्षमता प्रत्यक्ष करून दाखवावी लागते, त्यामागचे कारण हेच आहे.

मालाच्या प्रत्येक वस्तूसाठी स्वतंत्र सुरक्षा अहवाल लागतो आणि तो प्राथमिक रचना, अंतिम रचना व प्रत्यक्ष तयार वस्तू अशा टप्प्यांवर तपासला जातो. ज्वलनशीलता, बाहेर पडणारे वायू, धारदार कडा, स्पर्शाला लागणारे तापमान, आवाज, विषारीपणाची पातळी आणि जैविक धोका यांची उत्तरे त्यात द्यावी लागतात. लिथियम-आयन बॅटरी असेल तर तिच्या चाचण्यांचे निकाल सुरुवातीलाच मागवून ठेवावेत. साध्या दिसणाऱ्या उपकरणाची मंजुरी अनेकदा बॅटरीपाशीच थांबते. मंजूर वस्तू ठरावीक मापाच्या कापडी मालवाहू पिशव्यांत भरल्या जातात आणि यानाचा गुरुत्वमध्य बिघडू नये म्हणून प्रत्येक पिशवीचे वजन व जागा नोंदली जाते. उंदीर, पेशी अशा जिवंत नमुन्यांना उड्डाणाच्या सुमारे 24 तास आधी चढवण्याची सोय असते, पण ती मागणी आधीच नोंदवलेली असावी लागते.

अंतिम टप्पा

प्रत्येक उड्डाणाची विशिष्ट माहिती किमान 60 दिवस आधी एफएएला द्यायची असते. त्यानंतर धोकाक्षेत्रांच्या सूचना तटरक्षक दल व हवाई वाहतूक नियंत्रणामार्फत नाविकांना आणि वैमानिकांना जातात, तसेच कक्षेतील इतर वस्तूंशी टक्कर होणार नाही याची तपासणी स्पेस फोर्सच्या मदतीने होते. या सूचनांना केवळ उपचार समजणाऱ्यांनी ऑक्टोबर 2014 मधील व्हर्जिनियातील वॉलॉप्स तळावरचा घटनाक्रम पाहावा. 27 तारखेला ऑर्बिटल सायन्सेसच्या अँटेरिस रॉकेटच्या उड्डाणाला मोजकी मिनिटे उरली असताना एक शिडाची बोट धोकाक्षेत्रात आढळली आणि 10 मिनिटांची संधी निसटल्यामुळे उड्डाण दुसऱ्या दिवसावर ढकलले गेले. 28 तारखेला तेच रॉकेट उड्डाणानंतर काही सेकंदांतच कोसळून तळाजवळ फुटले. कोणालाही इजा झाली नाही.

संधीचा काळ इतका लहान असण्याचे कारण कक्षेत आहे. स्थानक सुमारे 400 किलोमीटर उंचीवर, विषुववृत्ताशी 51.6 अंशांचा कल असलेल्या कक्षेत फिरते आणि तळ त्या कक्षेच्या प्रतलाखाली येईल तेव्हाच उड्डाण परवडते; स्पेसएक्सच्या फाल्कन 9 रॉकेटसाठी ती वेळ प्रत्यक्षात क्षणाचीच असते. शिवाय स्थानकावर जोडणीची जागा रिकामी हवी, सूर्याचा कोन अनुकूल हवा आणि दुसरे यान त्याच सुमारास येणार-जाणारे नसावे. त्यामुळे वेळापत्रक प्रक्षेपणस्थळावरून पुढे आखण्याऐवजी स्थानकावर पोहोचण्याच्या तारखेपासून मागे मोजत आणावे आणि एफएएच्या सर्व मुदती त्यात बसवाव्यात.

उड्डाणानंतर 90 दिवसांच्या आत अहवाल सादर करायचा असतो. दुर्घटना झाल्यास तत्काळ कळवून प्राथमिक लेखी अहवाल 5 दिवसांत द्यावा लागतो आणि एफएएच्या देखरेखीखाली चौकशी सहसा कंपनीच करते. जून 2015 मध्ये स्पेसएक्सचे मालवाहू रॉकेट फुटल्यावर हीच पद्धत अवलंबली गेली आणि दुसऱ्या टप्प्याच्या ऑक्सिजन टाकीत हेलियमची टाकी धरून ठेवणारा आधारदांडा तुटल्याचा निष्कर्ष कंपनीने काढला. परवान्याखालील नोंदी 3 वर्षे जपून ठेवाव्या लागतात, दुर्घटनेच्या बाबतीत मात्र चौकशी पूर्ण होऊन एफएएने मोकळीक देईपर्यंत त्यांतील काहीही काढून टाकता येत नाही. रॉकेटच्या रचनेत, मार्गात किंवा सुरक्षा पद्धतीत महत्त्वाचा बदल करायचा असेल तर पुढील उड्डाणापूर्वी परवान्यात दुरुस्तीसाठी अर्ज करावा लागतो.