शेळी काहीही खाते?

हिंजवडीतली नोकरी सोडून मुळशीत शेळ्या पाळायला निघालेल्याला पहिलं वाक्य हेच ऐकवतात: ‘चाऱ्याचा खर्च नाही, शेळी काहीही खाते.’ साफ खोटं.

शेळी भलती चोखंदळ. ती वस्तू ओठांनी चाचपून बघते, म्हणून आपल्याला वाटतं खातेय. तुडवलेला, लेंड्या-मुताचा वास लागलेला चारा ती सहसा तोंडात धरत नाही. म्हणूनच गव्हाण उंच हवी. आवड झाडपाल्याची: बाभूळ, शेवरी, सुबाभूळ. पण नुसता सुबाभूळच भरमसाट घातलात, तर त्यातल्या मिमोसिन या विषारी घटकामुळे शेळीचे केस गळतात. गाभणकाळ सुमारे 150 दिवस. तेवढे दिवस विकायला करडू नाही, चारा मात्र रोज. आणि प्लास्टिक गिळलंच, तर ते पचत नाही, पोटात साचतं.