जॉर्ज बेंजामिन (ब्रिटिश संगीतकार)

जॉर्ज बेंजामिन यांचा जन्म लंडनचा, ३१ जानेवारी १९६० चा. आज हयात असलेल्या ब्रिटिश क्लासिकल संगीतकारांमधे त्यांचं नाव अगदी पहिल्या दोन-चारांत येतं, आणि तेही इतकं कमी लिहून.

सोळाव्या वर्षी ते पॅरिसला फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियांकडे शिकायला गेले. हे मेसियां म्हणजे तेच ज्यांनी शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकर'मधले देशी ताल स्वतःच्या संगीतात घेतले, आणि तो ग्रंथ लिहिला गेला आपल्या देवगिरीला यादवांच्या दरबारात, तेव्हा हे घराणं आपल्याला अगदीच परकं नाही. पुढे केंब्रिजला अलेक्झांडर गोअर गुरू मिळाले. तिथे शिकत असतानाच १९८० मधे लंडनच्या प्रॉम्स या उन्हाळी संगीत महोत्सवात त्यांची 'रिंग्ड बाय द फ्लॅट होरायझन' ही ऑर्केस्ट्राची रचना वाजली, तेव्हा वय फक्त २०.

एवढं नाव झाल्यावर कोणीही धडाधड लिहित सुटलं असतं. बेंजामिन उलट हळू झाले. 'अंतारा' या रचनेसाठी (१९८७) त्यांनी पॅरिसच्या पाँपिदू सेंटरबाहेर रस्त्यावर पॅनपाइप (ओळीने बांधलेल्या नळ्यांची बासरी) वाजवणाऱ्या अँडीजकडच्या वादकांचे सूर रेकॉर्ड केले आणि ते कॉम्प्युटरला जोडलेल्या कीबोर्डवरून वाजवून घेतले. 'सडन टाइम' जेमतेम पाव तासाची रचना, पण १९८९ ला सुरू झालेली ती पुरी व्हायला १९९३ उजाडलं. मला तर हा धीरच त्यांच्या करिअरमधली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

ऑपेरा लिहायची ओढ लहानपणापासूनची, पण मनासारखा लेखक भेटेना. तो भेटला नाटककार मार्टिन क्रिम्प यांच्या रूपात, आणि २००६ मधे 'इनटू द लिटल हिल' आला, फक्त दोन गायिका आणि त्याच सगळी पात्रं करतात. मग २०१२ मधे फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हान्सच्या महोत्सवात 'रिटन ऑन स्किन', त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम. मध्ययुगातला श्रीमंत जमीनदार, त्याची बायको आनिएस आणि हस्तलिखित सजवायला आलेला पोरगा, ज्याचं काळीज शेवटी तिलाच खाऊ घालतात. यात पात्रं मधेच स्वतःबद्दल 'असं तो पोरगा म्हणाला' असं गातात, त्यामुळे इतका भयंकर प्रसंगही थोडा लांबून दिसतो आणि म्हणूनच जास्त लागतो. ऑर्केस्ट्रात ग्लास हार्मोनिका आहे, ओल्या बोटांनी काचेवर वाजणारी, तिचा आवाज एकदा ऐकाच.

२०१७ मधे 'सर' झाले, २०१८ ला 'लेसन्स इन लव्ह अँड व्हायोलन्स' हा ऑपेरा, २०२३ ला अर्न्स्ट फॉन सीमेन्स हा संगीतातला मोठा पुरस्कार. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधे २००१ पासून प्रोफेसर आहेत. २०२३ मधलाच 'पिक्चर अ डे लाइक धिस' हा ऑपेरा जेमतेम तासाभराचा: मूल गमावलेल्या आईने दिवस मावळायच्या आत खरोखर सुखी माणसाच्या बाहीचं बटण आणलं तर मूल परत मिळणार. मेलेल्या मुलासाठी बुद्धाने जिला मोहरी आणायला पाठवलं ती किसा गोतमी माहीत असलेल्याला ही गोष्ट लगेच ओळखीची वाटेल, फक्त इथे मोहरीच्या जागी बटण आहे.