बीटलचं इंजिन कमी खर्चात सजवायचं असेल तर

फोक्सवॅगन बीटलला रेडिएटर नाही. इंजिन गार ठेवण्याचं सगळं काम एक पंखा, ऑइल कूलर आणि भोवतीचे काळे पत्रे करतात. मागचं झाकण उघडल्यावर दिसणारा प्रत्येक पत्रा हवेला वाट दाखवायला बसवलेला आहे. म्हणून सजावटीचे पैसे आम्ही ठरलेल्या क्रमाने घालायला सांगतो: आधी स्वच्छता, मग सील आणि हरवलेले पत्रे, मग रंग. चकचकीत वस्तू सगळ्यात शेवटी, पैसे उरले तर. १२०० ते १६०० सीसीच्या, उभं फॅन हाउसिंग (पंख्याभोवतीचं पत्र्याचं आवरण) असलेल्या इंजिनांना हे सगळं लागू आहे.

इंजिन उतरवायचं का?

फॅन हाउसिंग गाडीतच निघतं, पण सिलेंडरवरचे आणि खालचे पत्रे नीट करायचे तर इंजिन खाली घ्यावंच लागतं. यात घाबरण्यासारखं काही नाही. मागच्या सीटखालच्या बॅटरीचं निगेटिव्ह काढा, पेट्रोलची नळी चिमटा लावून बंद करा, अ‍ॅक्सिलरेटर केबल, हीटरच्या केबल आणि जनरेटर, कॉइल, ऑइल स्विच, चोक यांच्या वायरी सोडवा. प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधा. मागचा आडवा पत्रा काढला की उरतात गिअरबॉक्सचे चार १७ मिमी नट-बोल्ट. इंजिन साधारण १०० किलोचं आहे. त्याखाली ट्रॉली जॅक आणि जाड फळी, गाडीखाली भक्कम स्टँड आणि मदतीला दुसरा माणूस हवाच. इंजिन सरळ मागे ओढा. वाकडं झालं तर सगळं वजन गिअरबॉक्सच्या शाफ्टवर येतं आणि क्लच प्लेट खराब होते.

धुलाई

कार्ब्युरेटरचं तोंड, डिस्ट्रिब्युटर आणि जनरेटर प्लॅस्टिकने घट्ट बांधा. साचलेला चिखल लाकडी पट्टीने खरवडा, डिझेल आणि ब्रश फिरवून अर्धा तास मुरू द्या, मग डिग्रीझर आणि साधं पाणी. पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांच्या) नळ्यांच्या टोकांवर प्रेशर वॉशरचा फवारा मारू नका, जुने सील तिथेच हार मानतात.

क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं मुख्य कवच, मॅग्नेशियम मिश्रधातूची असते. संडास साफ करायचं अ‍ॅसिड किंवा चाकं उजळवायचं अ‍ॅसिड तिच्यावर पडलं तर धातू खाल्ला जातो आणि काळे डाग राहतात. सिलेंडर हेड अ‍ॅल्युमिनियमची, त्यांना कॉस्टिक चालत नाही. जोडलेल्या इंजिनावर सँडब्लास्टिंग तर कधीच करू नका. वाळूचा एक कण तेलाच्या वाटेत गेला तरी बेअरिंग घासलं जातं.

पत्रे निघालेत तोवर पंख्याच्या वाटेकडे नीट बघा. बंद उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या फॅन हाउसिंगमध्ये उंदरांची घरटी, कापूस आणि सुकी पानं सापडतात. ऑइल कूलरच्या फटी तेल-धुळीने बुजलेल्या असतात. हेडच्या फिन्समधून (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पात्यांमधून) बारीक तार वरून घाला, ती खालून निघाली पाहिजे. अडली तर तिथे मळ तरी आहे किंवा ओतकामात राहिलेला पातळ पापुद्रा. पापुद्रा पातळ कानशीने काढता येतो. हे काम बाहेरून कुणाला दिसणार नाही, पण सगळ्या सजावटीत याच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही.

हरवलेले पत्रे आणि सील

वरच्या बाजूची थंड हवा आणि खालची गरम हवा एकमेकींत मिसळू द्यायची नाही, हे पत्र्यांचं मुख्य काम. इंजिनाभोवतीचं लांब रबर सील कडक होऊन तुटलेलं असेल तर खालची तापलेली हवा पुन्हा पंख्यात शिरते. प्लगच्या वायरींवरचे चार रबरी झाकणवजा सील अनेक गाड्यांत नसतातच, आणि तेवढ्या भोकांतूनही बरीच हवा निसटते. सिलेंडरखाली, पुशरॉडच्या नळ्यांजवळ हवा वळवणारे पत्रे असतात. ते कुणीतरी काढून टाकलेले असतील तर शोधून बसवा. पुण्यात हीटर लागत नाही म्हणून हीटर बॉक्स काढणारे पुष्कळ आहेत. मग फॅन हाउसिंगच्या दोन्ही बाजूंची नळ्यांची तोंडं पत्र्याच्या टोप्यांनी बंद केलीच पाहिजेत.

बाजारात क्रोमचं फॅन हाउसिंग बघितलं की मोह होतो. घेण्याआधी टॉर्च मारून आत बघा. मूळ हाउसिंगमध्ये हवा दोन्हीकडे वाटणाऱ्या पट्ट्या असतात, स्वस्त नकलेत त्या गाळलेल्या असतात. क्रोमचा पत्रा उष्णता थोडी कमी बाहेर टाकतो, पण तो फरक लहान आहे. खरी अडचण फिटिंगची: पत्रा पातळ, भोकं जुळत नाहीत, फटी राहतात. जुना मूळ पत्रा गंजका असला तरी आम्ही तोच दुरुस्त करून वापरायला सांगतो.

रंग

पत्र्यांना काळा सेमी-ग्लॉस शोभतो आणि मूळचाही तोच. वायर व्हीलने गंज काढा, खड्ड्यांत फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं रस्ट कन्व्हर्टर लावा, धुऊन पूर्ण वाळवा. त्यावर इपॉक्सी प्रायमर, एक दिवसाने टू-के (हार्डनर मिसळून मारायच्या) काळ्या रंगाचे दोन हात. सगळ्या पत्र्यांना दोन्ही बाजूंनी अर्धा लिटर रंग, अधिक हार्डनर आणि थिनर, पुरतो. पावसाळ्यात घरी फवारणी टाळा, दमट हवेत रंगावर पांढुरकी छटा येते. भोसरी-चिंचवडकडे पावडर कोटिंगही होतं आणि पत्र्यांवर ते उत्तम टिकतं. पण सिलेंडर, हेड आणि ऑइल कूलरला पावडर कोटिंग नको, तो जाड थर उष्णता आतच धरून ठेवतो. बिडाच्या सिलेंडरला गंजापासून वाचवायला हीटप्रूफ काळ्याचा एकच पातळ हात पुरे.

सायलेन्सरला साधा प्रायमर लावू नका, तो जळून वरच्या रंगासकट सुटतो. धातू उघडा करून थेट सिलिकॉनचा हीटप्रूफ रंग मारा. पहिल्यांदा इंजिन तापल्यावर थोडा धूर आणि वास येईल, रंग पक्का होतोय असं समजा.

क्रँककेसवर, जनरेटर स्टँडच्या बुडाशी इंजिन नंबर ठोकलेला असतो. त्यावर ग्राइंडर, बफ किंवा जाड रंग चालवू नका. रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणाला तो स्वच्छ वाचता यावा लागतो. गाडी ५० वर्षांपुढची असेल आणि २०२१च्या नियमांप्रमाणे ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर घ्यायचा विचार असेल तर गाडी मूळ रूपात असणं ही अट आहे, म्हणून काढलेला एकही मूळ भाग भंगारात देऊ नका.

नट-बोल्ट, बफिंग

कमी पैशांत सगळ्यात जास्त उठाव येतो तो झिंक प्लेटिंगने. प्लेटिंगवाले वजनावर पैसे घेतात, तेव्हा पत्र्यांचे एम६ स्क्रू, वॉशर, क्लिपा, चोकच्या पट्ट्या असं सगळं एकदम द्या. आधी सगळ्याचा फोटो काढा आणि बारीक स्क्रू तांब्याच्या तारेत ओवून द्या, नाहीतर दहा जणांच्या मालात ते मिसळतात. प्लेटिंगवर यलो पॅसिव्हेशन (पिवळसर संरक्षक थर) मागितलं तर जुन्या काळची सोनेरी झाक येते. हेडचे स्टड आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्ट मात्र प्लेटिंगला कधीच देऊ नका, जास्त ताकदीचं स्टील त्या प्रक्रियेत ठिसूळ होऊ शकतं. इतरत्र न मिळणारे स्क्रू पुण्याच्या बोहरी आळीत मिळतात. बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारली तर कधी कधी मूळ पत्राही हाती लागतो.

क्रँक पुली (पट्टा फिरवणारी खालची पुली) रंगवताना तिच्या आतल्या नळीला हात लावू नका. तिथे ऑइल सील नसतं. नळीवर कोरलेले चक्राकार आटे तेल परत आत ढकलतात, ते रंगाने बुजले की पुलीमागून तेल गळू लागतं. लहान व्यासाची दिखाऊ पुलीही घेऊ नका, तिने पंखा हळू फिरतो आणि पुण्याच्या मे महिन्यात इंजिन तापतं. स्प्रिंग क्लिपची मूळ टॅपेट कव्हरं (हेडवरची, व्हॉल्व्ह झाकणारी झाकणं) रंगवून तीच लावा. कॉर्क गॅस्केट कव्हरच्या बाजूने चिकटवा, हेडच्या बाजूला नुसतं ग्रीस. बोल्टवाली अ‍ॅल्युमिनियमची कव्हरं दिसतात छान, पण बहुतेक वेळा गळतात. तेलाचा मूळ एअर क्लीनर असेल तर आपल्या धुळीत त्याला तोड नाही. काळा रंगवा, खुणेपर्यंत नवं तेल भरा.

पेट्रोलची नळी

रंगावर खर्च करून जुनी नळी ठेवणं आम्हाला मान्य नाही. आताच्या ई२० पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि तडकवतं. एसएई जे३० आर९ छापलेली नळी आणि गोल कडेचे क्लॅम्प वापरा. कार्ब्युरेटरमध्ये ठोकून बसवलेली पितळी नळी हाताने हलवून बघा. सैल असेल तर आटे पाडून स्क्रूची बसवा. ती निसटली तर पेट्रोल थेट तापलेल्या इंजिनावर पडतं, आणि बीटलना आगी लागण्याचं हे नेहमीचं कारण आहे. फिल्टर इंजिनवर लटकवू नका, गिअरबॉक्सजवळ किंवा पुढे टाकीखाली लावा.

जोडणी

तेल २.५ लिटर, २०डब्ल्यू-५०. तेल गाळणाऱ्या खालच्या जाळीच्या झाकणाचे नट फक्त ७ न्यूटन-मीटर, जास्त ओढले तर केसमधले स्टड उपटून येतात. पट्टा अंगठ्याने साधारण १५ मिमी दबावा. घट्ट करायचा तर जनरेटरच्या पुलीच्या दोन पाकळ्यांमधली एक शिम (पातळ चकती) काढून ती बाहेर नटाखाली ठेवा, फेकू नका. पंखा याच पट्ट्यावर फिरतो, तेव्हा जनरेटरचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर तिथेच थांबा आणि इंजिन बंद करा.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर पत्र्यांचे स्क्रू, पेट्रोलचे क्लॅम्प आणि पट्टा पुन्हा तपासा. आमच्याकडे काम केलं असेल तर ही तपासणी आम्ही वेगळे पैसे न घेता करतो. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना आणा, कारण टॅपेटचं (व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवायचं) अंतर थंड इंजिनावरच मोजता येतं.