विद्यापीठ ग्रंथालयांतील ऑनलाइन शोध व उपलब्धता सेवा (ग्रामीण विदर्भ)

विद्यापीठाच्या ग्रंथालयात छापील पुस्तके असतात, वर्गणी भरलेली ई-नियतकालिके असतात, प्रबंध, अहवाल आणि जुनी गॅझेटियरही असतात. हे सारे वाचकाला घरबसल्या शोधता यावे आणि सापडलेले लगेच उघडून वाचता यावे, यासाठी केलेली व्यवस्था म्हणजे ऑनलाइन शोध व उपलब्धता सेवा. ग्रंथ आहे का आणि कुठे आहे, हे शोधसेवा सांगते. तो आत्ता वाचता येईल का, हे उपलब्धता सेवेवर ठरते. यातले एक जरी अडले तरी वाचक रिकाम्या हाताने परततो.

विदर्भात या सेवेचे महत्त्व अंतरामुळे वाढते. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले. अमरावती विद्यापीठ १९८३ साली, तर चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठीचे गोंडवाना विद्यापीठ २०११ साली सुरू झाले. या विद्यापीठांचे बहुसंख्य विद्यार्थी विद्यापीठाच्या आवारात राहत नाहीत. ते तालुक्याच्या गावातल्या संलग्न महाविद्यालयांत शिकतात. सिरोंचाहून गडचिरोलीला यायचे म्हणजे सुमारे २०० किलोमीटरचा प्रवास. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. धारणी, चिखलदऱ्याच्या मुलांना अमरावती गाठायला मेळघाटचा घाट उतरावा लागतो. अशा वाचकापुरते बोलायचे तर विद्यापीठाचे ग्रंथालय म्हणजे त्याच्या मोबाइलवर उघडणारे पान.

पूर्वी शोध म्हणजे तालिकेची कार्डे चाळणे. संगणक आल्यावर त्याची जागा ओपॅकने, म्हणजे ऑनलाइन तालिकेने घेतली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या गांधीनगर इथल्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालय-जाळे केंद्राची ‘सोल’ ही संगणकप्रणाली भारतातल्या अनेक महाविद्यालयांत वापरली जाते. ‘कोहा’ ही मुक्त प्रणाली न्यूझीलंडमध्ये जन्मली आणि २००० साली पहिल्यांदा प्रत्यक्ष वापरात आली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. ओपॅक फक्त ग्रंथालयाच्या कपाटात काय आहे ते सांगतो. ई-नियतकालिकांतले लेख प्रकाशकांच्या संकेतस्थळांवर असतात आणि प्रबंध इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’ या ऑनलाइन प्रबंधभांडारात, त्यामुळे वाचकाला चार दारे ठोठवावी लागतात. या सगळ्यांच्या नोंदी आधीच गोळा करून एकाच शोधसूचीत बसवणे आणि वाचकासमोर एकच शोधचौकट ठेवणे, याला डिस्कव्हरी सेवा म्हणतात. व्यापारी कंपन्यांच्या अशा सेवा महाग असतात. ‘व्ह्यूफाइंड’ हा मुक्त पर्याय आहे, पण तो बसवायला आणि सांभाळायला जाणता माणूस लागतो.

प्रणाली कोणतीही घेतली तरी शोध खरा अडतो तो शब्दांवर. गोंदियाजवळच्या खेड्यातली एम.ए.ची विद्यार्थिनी शोधचौकटीत ‘मामा तलाव’ असे टाइप करते आणि उत्तर येते शून्य. ग्रंथालयात मात्र याच विषयावर बरेच काही असते. कुठे ‘मालगुजारी तलाव’ या मथळ्याखाली, कुठे ‘टँक इरिगेशन, भंडारा’ अशा इंग्रजी विषयशीर्षकाखाली, तर कुठे गॅझेटियरमधल्या जलसिंचनाच्या प्रकरणात. १९५०च्या सुमारास मालगुजारी ही जमीनमहसुलाची जुनी पद्धत गेली आणि मालगुजारांचे तलाव ‘माजी मालगुजारी’ झाले. त्याचे ‘मामा’ हे लघुरूप पूर्व विदर्भात घराघरांत रुळले, तालिकेत मात्र पोचले नाही. तलाव तिच्या गावाच्या शिवारात आहे, पुस्तक कपाटात आहे आणि दोघांना जोडणारा एक शब्द नोंदीत नाही. दोष वाचकाच्या माथी मारून भागत नाही, तिने शब्द बरोबरच वापरला आहे.

पिकांच्या नावांतही हेच होते. वऱ्हाडातला शेतकरी पऱ्हाटी म्हणतो, पाठ्यपुस्तक कपाशी म्हणते आणि कृषी विद्यापीठाचा प्रबंध इंग्रजीत कॉटन म्हणतो. भंडाऱ्यात धान, तर पश्चिम महाराष्ट्रात भात. ‘बोंडअळी’ शोधणाऱ्याला ‘पिंक बोलवर्म’ या नावाखालचे संशोधन दिसत नाही.

त्यात लेखनाची भर. ‘स्रोत’ हे शुद्ध रूप, पण ‘स्त्रोत’ असे लिहिणारे पुष्कळ. महाराष्ट्रातली विद्यापीठे आता ग्रंथालयाला ज्ञानस्रोत केंद्र म्हणतात आणि ते नावही दोन्ही तऱ्हांनी लिहिलेले दिसते. संगणकाच्या लेखी हे दोन निराळे शब्द. ‘पऱ्हाटी’मधला अर्धा ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, दोन प्रकारे साठवता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधात जुळत नाहीत. जुने मराठी प्रबंध युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेले असतात. त्यांच्या पीडीएफमधला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, कॉपी केला की रोमन अक्षरांचा कचरा हाती येतो. असा प्रबंध शोधगंगेवर चढवलेला असूनही आतल्या शब्दांनी सापडत नाही. त्याचे शीर्षक, गोषवारा आणि विषयशब्द युनिकोडमध्ये नव्याने टंकणे हा खात्रीचा उपाय. पानांवरून यंत्राकरवी अक्षरे ओळखून घेण्याची ‘टेसरॅक्ट’ ही मुक्त प्रणाली मराठी वाचते, तिने बराच भार हलका होतो.

शब्दांचा प्रश्न सोडवायला मोठा खर्च लागत नाही. मार्क २१ या नोंदपद्धतीत ६५३ हे क्षेत्र मोकळ्या विषयशब्दांसाठी आहे. ‘मामा तलाव’, ‘पऱ्हाटी’, ‘धान’ तिथे घालता येतात. त्याहून चांगली वाट म्हणजे विषयाची एक अधिकृत नोंद करून बाकीची नावे तिला पर्यायी म्हणून जोडणे, म्हणजे एकदा केलेले काम त्या विषयाच्या सगळ्या पुस्तकांना लागू होते. कोहाच्या झेब्रा शोधयंत्रात देवनागरीसाठी आयसीयू हा युनिकोड मजकूर हाताळणारा पर्याय निवडलेला असावा लागतो, एरवी शब्द नीट तुटत नाहीत. कोणते शब्द घालायचे, हे वाचकच सांगतात. ज्या शोधांना शून्य उत्तर आले त्यांची यादी काढून महिन्यातून एकदा ग्रंथपालाने तालिकाकाराबरोबर वाचली, तर तालिका लोकांच्या बोलीजवळ येऊ लागते. सगळ्या सुधारणांत हीच सर्वांत मोलाची आहे आणि दुर्दैवाने हिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते.

उपलब्धतेचा गुंता वेगळा आहे. वर्गणीची नियतकालिके बहुधा विद्यापीठाच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे आवारातल्या इंटरनेट जोडणीवरून, उघडतात. आवाराबाहेर पाय ठेवला की तोच लेख पैसे मागतो. त्यावर प्रॉक्सी सर्व्हर (बाहेरच्या वाचकाची मागणी विद्यापीठाच्या पत्त्यावरून पुढे पाठवणारा संगणक) किंवा इन्फ्लिबनेटच्या ‘इन्फेड’ या संस्था व प्रकाशकांच्या महासंघातून संस्थेचे लॉगिन वापरणे, हे उपाय आहेत. खासगी संस्थांनी चालवलेल्या अनुदानित महाविद्यालयांसाठी ‘एन-लिस्ट’ ही ई-नियतकालिके व ई-पुस्तके पुरवणारी योजना आहे. तिच्यात महाविद्यालय प्रत्येक वाचकाचे खाते उघडून देते. केंद्र सरकारची ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी तिला ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके तिच्या कक्षेत आहेत. ती केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षणसंस्थांसाठी आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. म्हणजे एकाच तालुक्यातल्या दोन विद्यार्थ्यांची वाट वेगळी असू शकते आणि आपली वाट कोणती हे त्यांना कुणीतरी सांगावे लागते.

हे सांगण्याचे काम महाविद्यालयाच्या ग्रंथपालावर येते. दरवर्षी नवी तुकडी येते, खाती नव्याने उघडावी लागतात आणि पासवर्ड विसरलेली मुले देवघेवीच्या खिडकीशी उभी राहतात. मराठीत एका पानाची सूचना, तिच्यावर क्यूआर कोड आणि लॉगिनच्या पायऱ्यांची चित्रे, एवढ्यानेही वापर सुरू होतो. बहुतेकांचा पडदा हाताच्या तळव्याएवढा आणि रेंज कधी एका काडीची, म्हणून पान हलके हवे आणि फाइलचा आकार दुव्याशेजारीच लिहिलेला हवा. शोधगंगेवर प्रबंध प्रकरणवार ठेवण्याची पद्धत इथे उपयोगी पडते. संपूर्ण प्रबंध उतरवण्याऐवजी विद्यार्थी हवे ते एकच प्रकरण उतरवून घेतो आणि रात्री वीज गेली तरी मोबाइलवर वाचत बसतो.