घोटा मुरगळून महिने झाले, एक्सरे नॉर्मल, तरी दुखतंय?

आमच्याकडे घोट्याचा एमआरआय करायला येणाऱ्यांची गोष्ट बहुतेक एकच असते, खड्ड्यात नाहीतर कबड्डी खेळताना पाय मुरगळला, एक्सरे काढला, फ्रॅक्चर नाही म्हणाले, मग क्रेप बँडेज झालं, लेप झाला, कोणीतरी चोळूनही दिलं, सूज उतरली, पण जिना उतरताना आत खोलवर जी कळ येते ती काही जात नाही. मग वाटतं, एक्सरे नॉर्मल असताना डॉक्टर उगाच महागडी टेस्ट लिहून देतायत. तसं नाहीये.

घोट्यात नडगीच्या दोन हाडांच्या बेचक्यात टॅलस नावाचं हाड बसतं. त्याच्या साधारण 60 टक्के भागावर कुर्चा, म्हणजे हाडावरचं गुळगुळीत आवरण (कार्टिलेज), असते आणि तीसुद्धा जेमतेम एक-दीड मिलिमीटर जाड. मुरगळताना टॅलसचा कोपरा बाजूच्या हाडावर आपटतो आणि कुर्चेसकट खालच्या हाडाचा टवका उडतो किंवा हाड आत चेपतं. टॅलसच्या आतल्या बाजूची, म्हणजे दुसऱ्या पायाकडची, जखम जास्त सापडते, ती खोलगट असते, कधीकधी तर पेशंटला मार लागल्याचं आठवतही नाही. बाहेरच्या बाजूची उथळ, आणि ती सहसा मारानेच होते.

कुर्चा एक्सरेत दिसतच नाही, हाडाचा तुकडा सुटला असेल तर तेवढा दिसतो. 1959 साली बर्न्ट आणि हार्टी या संशोधकांनी एक्सरेवरून या जखमेच्या चार पायऱ्या ठरवल्या, नुसतं चेपलेलं हाड ते जागेवरून सरकलेला तुकडा अशा, पण पहिली पायरी एक्सरेत बऱ्याचदा हुकतेच. तरी सुरुवात एक्सरेनेच करतात, आणि झेपत असेल तर उभं करून काढतो. दुखतंय तर उभं का करता म्हणून काका लोक रागावतात, पण अंगाचा भार आल्यावरच सांध्यातली फट खरी किती उरते ते कळतं.

एमआरआयमध्ये कुर्चा दिसते, हाडाच्या आतली सूज दिसते आणि मुख्य म्हणजे तुकड्याखाली पाणी शिरलंय का ते दिसतं. फरशी वरून धड दिसते पण खाली पाणी मुरलं की हलायला लागते ना, तसंच. फक्त सुजेमुळे जखम आहे त्यापेक्षा मोठी वाटू शकते, म्हणून ऑपरेशनचा विचार असेल तर सर्जन वर सीटी स्कॅनही सांगतात, त्यात हाडाचं नेमकं माप आणि आतली पोकळी मिळते. साधारण 15 मिलिमीटरच्या आतली जखम असेल तर दुर्बिणीतून हाडाला बारीक भोकं पाडून भागतं का ते बघतात, मोठी असेल तर बेत वेगळा.

येताना उपाशी राहायची गरज नाही. पैंजण, जोडवी घरीच काढून या, चांदीची असली तरी (निघत नसतील तर साबणाचं पाणी लावा, इथे आल्यावर ओढाताण होते). नुसता काळा दोरा चालतो, घुंगरू किंवा मणी असेल तर नको. पेसमेकर, कानातलं इम्प्लांट, जुनी प्लेट, स्क्रू काहीही असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, प्रेग्नन्सी असेल तरी सांगा. अर्धा तास लागतो, मशीन ठोकल्यासारखा आवाज करतं, पण पाय आधी आत जातात आणि डोकं बहुतेक बाहेरच राहतं, त्यामुळे बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनाही सहसा जमून जातं.

आणि जुना एक्सरे आणा, रिपोर्टचा कागद नव्हे, खरी फिल्म किंवा सीडी. ट्यूबलाइटसमोर धरून मोबाईलवर काढलेल्या फोटोत आम्हाला टॅलसपेक्षा तुमचा पंखाच जास्त दिसतो.