‘पाहिजे’ कुणाच्या बाजूने बोलतं?

‘मला आंबा पाहिजे.’ मागणारा मी, पण क्रियापद आंब्याच्या बाजूचं. आंबे अनेक झाले की ‘पाहिजेत’. मागणारे पन्नास असले तरी ‘आम्हाला आंबा पाहिजे’च. याचं कारण जुनं आहे. ‘पाहिजे’ हे ‘पाहणे’चं कर्मणी रूप. ज्ञानेश्वरीच्या (1290) काळी ‘-इजे’ लावून ‘केलं जातं’, ‘म्हटलं जातं’ असा अर्थ साधत; आपलं रोजचं ‘म्हणजे’ त्याच साच्यातलं, ‘म्हणिजे’चं झिजलेलं रूप. तेव्हा ‘पाहिजे’ म्हणजे मुळात ‘पाहिलं जातं’. जी वस्तू पाहिली जाते, वचनही तिचंच.

‘हवा’ तर लिंगही वस्तूकडून घेतं: लाडू हवा, भाकरी हवी, पाणी हवं, पुऱ्या हव्यात. मागणारी मुलगी असली तरी लाडू ‘हवा’च. नकार मात्र दोघांचा मिळून एकच, ‘नको’. गोव्यात कोकणीतही अशीच जोडी: ‘जाय’ आणि ‘नाका’.

खरी गंमत क्रियापद जोडल्यावर. ‘मला सुट्टी पाहिजे’ ही इच्छा. ‘मी सुट्टी घ्यायला पाहिजे’ म्हटलं की ते कर्तव्य झालं, आणि ‘मला’चं ‘मी’ही झालं. मग काही करण्याची इच्छा कशी सांगायची? ‘मला जायचंय’ यात बेत असतो, ‘मला जावंसं वाटतंय’ यात मनाची ओढ. फरक तपासायचा तर दोन्ही एका वाक्यात घाला: ‘दाताच्या डॉक्टरकडे जायचंय, पण जावंसं वाटत नाही.’ वाक्य खटकत नाही, कारण बेत आणि ओढ वेगळ्या आहेत. इथेही कर्माचा वरचष्मा आहेच: लाडू खावासा वाटतो, भाकरी खावीशी वाटते. कर्मच नसेल तर नपुंसकलिंगी एकवचन, म्हणून सगळ्यांना ‘रडावंसं’च वाटतं.

भूतकाळात आणखी एक बारकावा. ‘तू लग्नाला यायला हवं होतंस’ ही तक्रार. ‘लग्नात तू हवा होतास’ ही चुटपुट.

इच्छा करणाऱ्याला थेट कर्तेपद देणारं क्रियापदही आहे, ‘इच्छितो’. ते अर्जात आणि भाषणात शोभतं: ‘मी आपणास कळवू इच्छितो’. ‘मी पाणी पिऊ इच्छितो’ व्याकरणात चोख, पण माठाजवळ उभं राहून म्हणून पाहा.